एकोणतिसावा मजला

सासऱ्यांनी इमारतीचा एकोणतिसावा मजला पाहिला, त्या दिवसापासून घरात कोणी नीट टेकून बसलं नाही. इमारत बावीस मजल्यांची होती.

पाहिलं ते त्यांनी चहाच्या टेबलावर सांगितलं, आणि निकालपत्र वाचावं तशा आवाजात सांगितलं. ते निवृत्त न्यायाधीश. दुसऱ्यांनी काय पाहिलं हे ऐकण्यात हयात गेलेली, त्यामुळे स्वतः काय पाहिलं हे सांगायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती.

"सकाळी फिरायला निघालो," ते म्हणाले. "लिफ्ट विसाव्यावरून सुटली. मी खाली चाललो होतो आणि आकडा वर गेला. एकोणतीस. मग एकोणीस, अठरा, पुढे सगळं रीतसर."

"एकोणीस म्हणायचंय तुम्हाला, बाबा," त्यांची मुलगी म्हणाली.

"एकोणीस नंतर. आधी एकोणतीस."

"तेच ते. जीभ अडखळली असेल."

"जीभ माझी अडखळली तर तुझ्या कानाला काय झालं? मी दोन वेगळे शब्द बोललो. ए-को-ण-तीस."

आपल्या भाषेने एकोणीस आणि एकोणतीस यांच्यात जेमतेम एका अक्षराचं अंतर ठेवलंय, आणि मुलीने सगळी आशा त्या एका अक्षरावर टांगली होती. जिभेची चूक परवडते. डोक्याची परवडत नाही. बाबांनी नुसतं "बरं, एकोणीस" म्हटलं असतं तर कप विसळून विषय संपला असता. पण मिळालेली सूट घ्यायची नाही हा त्यांचा जुना खाक्या. त्यांनी तिसऱ्यांदा एकोणतीस म्हटलं आणि मुलगी बाल्कनीत जाऊन दादाला फोन लावून आली.

या सगळ्यात मध्ये बसून पाव खात होता तो जावई. त्याला घरात कर्नल म्हणत. त्याचा सैन्याशी संबंध नव्हता; त्याला पायऱ्या चढतानाही धाप लागायची. तो लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅमर होता, आणि लिफ्टच्या छोट्या संगणकात जो सगळ्यात खालचा, सगळ्यांना कामं वाटून देणारा प्रोग्रॅम असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो सांभाळायचा. लग्न ठरताना मध्यस्थ बाईंनी "मुलगा कर्नलमध्ये आहे" असं कळवलं आणि मुलीकडच्यांनी त्यातला 'मध्ये' गाळून टाकला. साखरपुड्याला एका आत्याने त्याला सीमेवरची परिस्थिती विचारली, त्यानेही चाचपडत "सध्या स्थिर आहे" म्हणून वेळ मारून नेली. खरा प्रकार कळल्यावर सासरे एवढंच म्हणाले, "नोंद दुरुस्त होईल, पदवी राहील."

त्या सकाळी कर्नलही बायकोच्याच बाजूने होता. लिफ्ट त्याच्या कंपनीची होती. वरच्या बाजूला तांबड्या आकड्यांची पट्टी होती, तिला मजला कितवा हे सांगणारा तुकडा त्याने स्वतः लिहिलेला होता, आणि नवी आवृत्ती आधी कुठे चालवून बघायची असा प्रश्न आला तेव्हा "आमच्याच इमारतीत बघा की" असं छाती फुगवून तोच म्हणाला होता; इथे नीट चालली म्हणून ती बाकीच्या इमारतींतही गेली होती. तेव्हा सासऱ्यांची जीभ अडखळलेली बरी, असं त्यालाही वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्याने हातातला पाव खाली ठेवला.

दोन दिवसांत घरात नवा बंदोबस्त झाला. बाबांनी एकट्याने खाली जायचं नाही. वॉचमनला सांगून ठेवलं. बाबांचे बूट दारामागून बेडरूमच्या कपाटात गेले. रविवारी दादा येणार होता. त्याच्या शहरात त्याने एक जागा बघितली होती, तळमजल्यावर, लिफ्टचा प्रश्नच नाही, आणि देखरेखीला दिवसभर एक बाई.

"मी अटकेत आहे का जामिनावर?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, काळजीपोटी करतोय आम्ही."

"बहुतेक कोठड्या काळजीपोटीच बांधलेल्या असतात," ते म्हणाले, आणि मोजे घालून, बुटांशिवाय, हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागले. खिडकीपासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून खिडकीपर्यंत. फ्रिजपाशी वळताना दरवेळी ते कर्नलकडे बघत. कर्नलने पाय हलवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

दाढी करताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि हनुवटी कापली गेली. विसातला दोन. एकोणिसातला नऊ. दोन आणि नऊ.

तो गालावर तसाच फेस घेऊन बाहेर आला. सासरे फ्रिजपाशी होते.

"बाबा, तुम्ही खालीच चालला होता ना? नक्की?"

"मी वर चाललो असतो तर फिरायला कुठे गेलो असतो, टाकीवर?"

"आणि आधी एकोणतीस, मग एकोणीस."

"कर्नल," सासरे म्हणाले, "तुमच्या हनुवटीतून रक्त येतंय, आणि ते मला एकच दिसतंय. आणखी काही तपासायचंय?"

ऑफिसात कर्नलच्या शेजारी बसायची तिला सगळे डिस्प्लेवाली म्हणत, कारण तांबड्या आकड्यांची पट्टी तिच्याकडे होती. पेनाचं टोपण चावत ती त्याचं ऐकून घेत होती.

"होऊच शकत नाही," कर्नल म्हणाला. "ही ओळ बघ. मजल्याचा आकडा मी एकदाच वाचतो. वाचून हातात घेतो. मग त्याचं दशक काढतो, मग त्याच आकड्याचं एकक काढतो. आकडा एक, वाचन एक. दोन मजल्यांची सरमिसळ होईल कुठून?"

"तू एकदा लिहिलंयस," ती म्हणाली. "यंत्राने किती वेळा वाचलंय ते बघितलंस?"

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. तिने त्याने उतरवलेला मजकूर उघडला. तो वाचणं म्हणजे आपल्याच भाषणाचा दुसऱ्याने लिहिलेला वृत्तांत वाचण्यासारखं असतं. शब्द ओळखीचे, आणि आपण असं म्हणालो नव्हतो. पेनाच्या टोकाने तिने एक ओळ दाखवली. इथे आकडा वाचला, दशक काढलं. मग चार ओळी खाली आली. इथे पुन्हा जाऊन आकडा वाचला, एकक काढलं.

"दोनदा," कर्नल म्हणाला.

"नव्या आवृत्तीबरोबर कंपायलरही नवा आलाय. याला वाटलं, आकडा हातात धरून बसायचा कशाला, तेवढा हात अडकतो. परत जाऊन बघू, आहेच तिथे."

यात कंपायलरची फारशी चूक नव्हती. ती जागा सामाईक आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मोटर सांभाळणारा दुसरा प्रोसेसर त्याच जागेत मजला लिहीत असतो. याने दशक नेलं विसाचं, तेवढ्यात त्याने वीस पुसून एकोणीस लिहिलं, आणि याने परत येऊन एकक नेलं एकोणिसाचं. सामाईक जागेत ठेवलेली वस्तू परत आल्यावर तशीच सापडेल, असं फक्त ज्यांनी कधी भावंडांबरोबर कपाट वाटून घेतलं नाही त्यांना वाटतं. 'ही जागा एकदाच वाच, परत जाऊ नकोस' असं बजावणारा एक शब्द असतो. तो त्या ओळीत लिहायचा राहिला होता. जुन्या कंपायलरने न सांगता ते पाळलं होतं. त्यामुळे राहिलेलं कोणाला कळलं नाही.

"म्हणजे हे रोज होत असणार," कर्नल म्हणाला. त्याचा पाय आता टेबलासकट हलत होता. "सगळ्यांनाच दिसत असणार."

"दशक बदलतं तेव्हाच होणार. तेही मोटरने नेमका त्या चार ओळींच्या फटीत आकडा बदलला तर. आणि दहावरून नवावर येताना झालं तर काय दिसेल? एकोणीस. तो मजला आहे. नसलेला मजला एकच दिसू शकतो, आणि तो दिसायला विसाव्यावरून खाली यावं लागतं." तिने टोपण तोंडातून काढलं. "असलेल्या मजल्याबद्दलचं खोटं कोण पकडणार?"

कर्नल साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"लिफ्ट पडली?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"अडकली?"

"नाही. पाव सेकंद चुकीचा आकडा दिसला."

"तक्रार कोणाची?"

"एका प्रवाशाची."

"प्रवासी कोण?"

"सासरे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुरुस्ती करून ठेव. चाचणी होऊन पुढच्या महिन्यात सगळीकडे एकदम जाईल."

"रविवारी मेहुणा येतोय, साहेब."

"कंपनीच्या वेळापत्रकात मेहुणे धरलेले नसतात," साहेब म्हणाले. ते खरंही होतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं समजावलं. कणीक मळावी तसं समजावलं. पुन्हा पुन्हा, दाबून दाबून. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तू पाहिलंस?" तिने विचारलं.

"नाही. पण सिद्ध होतं. कागदावर दिसतंय, दोनदा वाचलंय."

"दादाला कागद दाखवणार?"

"का नाही?"

"दादा दोन वर्षं त्याच्या टीव्हीवर चुकीच्या भाषेत बातम्या ऐकत होता, सेटिंग बदलता येत नाही म्हणून. त्याला तू हा कागद दाखवणार. तू बाबांसाठी हे करतोयस, कळतं मला. पण उद्या ते गॅस चालू ठेवून झोपले तर तेही कंपायलरने केलं म्हणशील का?"

कर्नल उठून लिफ्टमध्ये गेला.

पाहिलं की झालं, असा त्याचा हिशेब. विसावरून एकोणिसावर जायचं, पट्टीकडे बघायचं, परत विसावर यायचं. तो संध्याकाळभर तेच करत राहिला. एकोणिसाव्यावर एक कुत्रा पाळलेल्या बाई राहायच्या. त्यांच्या मजल्यावर दार उघडलं की आत कर्नल, मान वर करून, मोबाइलचा कॅमेरा पट्टीवर रोखून. पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "घरी काही झालंय का?"

"नाही, आकडा बघतोय."

"कोणता?"

"एकोणतीस."

बाईंनी कुत्र्याला जवळ ओढलं आणि जिन्याने गेल्या. आता मजला नसलेला आकडा शोधणारे घरात दोघं झाले होते, आणि ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर खाली पोहोचली. वॉचमन दोघांकडेही सारख्याच सहानुभूतीने बघू लागला.

आकडा मात्र दिसला नाही. वीस, एकोणीस. वीस, एकोणीस. जेवताना त्याला ताटातल्या घासाकडेही दोनदा बघावंसं वाटायला लागलं. पहिल्यांदा होता तोच आहे ना.

"दिसणार नाही तो," दुसऱ्या दिवशी डिस्प्लेवाली म्हणाली. "फट केवढीशी आहे. तुझ्या सासऱ्यांचं नशीब बघ, नवी आवृत्ती आली नाही तोच त्यांना दिसला."

"रविवारी मेहुणा त्यांना घेऊन जाणार आहे."

तिने थोडा वेळ टोपण चावलं. "मग फट रुंद कर."

एवढं सोपं होतं ते. दोन वाचनांच्या मध्ये प्रोग्रॅमला मुद्दाम रेंगाळायला लावायचं. दशक ने, जरा थांब, इकडे तिकडे बघ, मग एकक ने. जे वर्षातून एकदा व्हायचं ते दर फेरीला होईल. या धंद्यात असं सर्रास करतात. चोर सापडत नसेल तर दार उघडं टाकून बसतात. पट्टीचा मोटरशी काही संबंध नव्हता, त्यामुळे लिफ्ट जायची तिथेच जाणार, फक्त सांगताना चुकणार. आणि इमारत चाचणीची होतीच.

रविवारी सकाळी कर्नल गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन तो प्रोग्रॅम चढवून आला. घरात कोणाला बोलला नाही. बायकोने "पुरावा तयार केलास" म्हटलं असतं, आणि त्याला स्वतःलाही ते तसं नाही याची खात्री वाटत नव्हती. त्याचा बेत साधा होता. दादा येईल, बोलणं होईल, मग सगळे मिळून बाबांना सोडायला म्हणून खाली जातील, विसाव्यावरून एकोणिसाव्यावर. बस्स.

दादा आला. हातात चाकांची मोठी बॅग, आणि ती उचलल्यावर रिकामी आहे हे लगेच कळत होतं. त्याने बाबांना नमस्कार केला, बहिणीच्या डोक्यावर टपली मारली, कर्नलला म्हणाला, "काय हो कर्नल, सीमेवर काय परिस्थिती?" मग सोफ्यावर बसला, उठला, पाणी मागितलं, ग्लास हातात धरून प्यायचाच विसरला. डोळे चोळले.

"प्रवासात झोप नाही झाली?" बहिणीने विचारलं.

"झाली की. चांगली झाली." त्याने पुन्हा डोळे चोळले.

कर्नलचा हलणारा पाय थांबला. खाली येतानाचाच विचार तो आठवडाभर करत होता. पण दादा वर आला होता. वर येतानाही दशक बदलतं. एकोणिसाचा एक, विसाचं शून्य. आज दर फेरीला. त्याच्या आधी नवाचं कोरं दशक आणि दहाचं शून्य. दादाला आज नवानंतर शून्य दिसलं होतं, आणि एकोणीसनंतर दहा. दिसलंच होतं, टळायला आज जागा नव्हती.

तो बोलायची वाट बघत राहिला. दादा हवापाण्याबद्दल बोलला. रस्त्याबद्दल बोलला. जागेबद्दल बोलला, तिथली बाई किती शांत आहे, खिडकीतून झाड दिसतं. लिफ्टबद्दल बोलला नाही.

"तुला सगळं सांगितलंय हिने," सासरे म्हणाले. ते खुर्चीत ताठ बसले होते, पायात मोजेच.

"हो बाबा. त्याचं काय एवढं. वयानुसार होतं."

"होत असेल. तू लिफ्टने आलास?"

"विसाव्या मजल्यावर चालत कोण येईल."

"आकडे बघत होतास?"

"लिफ्टमध्ये दुसरं काय बघणार." तो हसला.

"एकोणीसनंतर काय आलं?"

प्रश्न अगदी सहज होता. हाच प्रश्न सासऱ्यांनी कोर्टात कितीतरी जणांना कितीतरी रूपांत विचारला असेल. त्यांना त्यामागचं काही माहीत नव्हतं. फक्त माणूस दोनदा डोळे का चोळतो एवढं त्यांना हवं होतं.

दादाने ग्लास खाली ठेवला. उचलला. एक घोट घेतला.

"वीस," तो म्हणाला.

खोलीत फक्त कर्नलला माहीत होतं की हे खोटं आहे. आणि दादाला. कर्नलला एकदम मेहुण्याची कीव आली. बापाला नसलेला आकडा दिसतो म्हणून न्यायला आलेल्या माणसाने आल्या आल्या काय सांगायचं, मलाही दिसला म्हणून? आपलं डोकं आपण रोज असंच गुपचूप दुरुस्त करत असतो. दहा दिसतं, वीस असणार असं ठरवतो, आणि वीस दिसलं म्हणून सांगतो.

"चला, खाली जाऊ," कर्नल म्हणाला. "सगळे."

"बॅग भरायचीय अजून," बायको म्हणाली.

"आधी खाली. बाबा, बूट."

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कपाटातून बूट काढून आणले. सासऱ्यांनी ते सावकाश, नाडीला नाडी जुळवून घातले.

लिफ्टमध्ये चौघं दाटीवाटीने उभे राहिले. दार बंद झालं. पट्टीवर वीस होतं. लिफ्ट सुटली, आणि विसाच्या जागी तांबडं, ठसठशीत एकोणतीस आलं. आलं आणि थांबलं. बायकोने कर्नलचा दंड धरला. मग एकोणीस.

अठरा, सतरा, सोळा. दहानंतर पुन्हा एकोणीस लागला आणि मग नऊ. तळमजल्यावर दार उघडलं, समोर कुत्रा पाळलेल्या बाई उभ्या होत्या. चौघांच्या वर गेलेल्या माना बघून त्या मागे सरल्या आणि दार पुन्हा बंद होऊ लागलं.

"वर येताना," सासऱ्यांनी मुलाला विचारलं, "काय होतं?"

दादा आपल्या बुटांकडे बघत होता. "दहा," तो म्हणाला. "नवानंतर शून्य आलं होतं. मग एकोणीसनंतर दहा."

"मग वीस का म्हणालास?"

"वाटलं, माझंच काहीतरी होतंय."

"मलाही तसंच वाटलं होतं," सासरे म्हणाले. "पण मी बोललो."

दार उघडण्याचं बटण कर्नलने दाबून धरलं होतं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे कळल्यामुळे त्याने सांगून टाकलं: दोनदा वाचणं, राहिलेला शब्द, आणि आज सकाळी रुंद केलेली फट.

"म्हणजे पुरावा तुम्ही तयार केलात," सासरे म्हणाले.

"गुन्हा आधीच घडलेला होता, बाबा. मी तो फक्त सावकाश घडवला."

सासऱ्यांनी यावर विचार केला. कुत्रा पाळलेल्या बाईही बाहेर उभ्या राहून त्यांच्याबरोबर विचार करत असाव्यात. "ग्राह्य आहे," ते अखेरीस म्हणाले. "पण मी पाहिला तो एवढा वेळ थांबला नव्हता. मी अतिशयोक्ती केलेली नाही, हे नोंदवून ठेवा." आणि ते लिफ्टमधून उतरून, एकटेच, फाटकाबाहेर फिरायला गेले. वॉचमनने मुलीकडे बघितलं. मुलगी दुसरीकडे बघत होती.

संध्याकाळी दादा रिकामी बॅग घेऊन परतला. बहिणीला म्हणाला, गॅसकडे मात्र लक्ष ठेव. ती हो म्हणाली. जाताना तो जिन्याने उतरला. कोणी कारण विचारलं नाही.

कर्नलने त्याच दिवशी रेंगाळणं काढून तो राहिलेला शब्द जागेवर घातला. साहेबांना सोमवारी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बाकीच्या इमारतींची दुरुस्ती पुढच्या महिन्यावरून पुढच्या आठवड्यावर आणली. मेहुण्याचा उल्लेख दोघांनीही टाळला.

तरी लिफ्टमध्ये शिरलं की कर्नलची मान वर जाते. परवा सासऱ्यांबरोबर खाली जाताना तो असाच पट्टीकडे बघत होता. वीस. एकोणीस.

"बरोबर दाखवतोय आता?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"एकदाच वाचतो?"

"एकदाच."

"मग तुम्ही कशाला दोनदा बघताय?" सासरे म्हणाले.

कर्नलने मान खाली घातली. अठराव्यापर्यंत ती खाली राहिली.